आगाऊ शुल्कावर चाललेली संस्था : एका राष्ट्रीय युवा साहस संस्थेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण तरुणांसाठी पदभ्रमण, गिर्यारोहण आणि निसर्गशिबिरं घेणाऱ्या एका अखिल भारतीय संस्थेचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. हिशेब मात्र एकमेकांशी जुळता ठेवला आहे, कारण या संस्थेवर जे ओढवलं ते समजायला हिशेबातूनच जावं लागतं.

पार्श्वभूमी

संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या संस्थांप्रमाणे तिची नोंदणी दुहेरी आहे : १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. अकरा राज्यांत शाखा आहेत. मुख्यालयात सात पगारी माणसं काम करतात. बाकी सगळा भार सुमारे ४०० प्रशिक्षित स्वयंसेवक लीडरांवर असतो. घाटमाथ्यावर चौदा एकरांची शिबिरभूमी संस्थेच्या मालकीची आहे.

२०२५-२६ चं अंदाजपत्रक हंगामानुसार मांडलं तर असं दिसतं. हिमालयातल्या उन्हाळी शिबिरांच्या १,२०० जागा होत्या. आठ दिवसांचे माणशी ₹९,५००, म्हणजे ₹१ कोटी १४ लाख. सह्याद्रीतली शनिवार-रविवारची, दिवाळीची आणि हिवाळी शिबिरं मिळून ₹५२ लाख. महापालिका शाळा आणि आश्रमशाळांतल्या मुलांच्या शिबिरांसाठी एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, ₹३८ लाख. सभासद वर्गणीतला मुख्यालयाचा निम्मा हिस्सा ₹९ लाख, देणग्या ₹११ लाख, मुदतठेवींचं व्याज ₹६ लाख. एकूण ₹२ कोटी ३० लाख.

हिमालय शिबिरात एका मुलावर थेट ₹८,३५० खर्च होत होते. रेशन, स्वयंपाकी, तंबू आणि स्लीपिंग बॅगांची झीज, खेचरं, स्थानिक वाटाडे, वनखात्याचं शुल्क, लीडरांचा प्रवास आणि अपघात विमा हे सगळं त्यात आलं. मागे उरत होते ₹१,१५०. अशा १,२०० जागांचे ₹१३.८ लाख, सह्याद्री शिबिरांतून ₹८ लाख, सीएसआरमधून ₹२ लाख आणि वर्गणी-देणग्या-व्याजाचे ₹२६ लाख धरले तर मुख्यालय चालवायला ₹४९.८ लाख हाती येत होते. मुख्यालयाचा खर्च होता ₹५६ लाख : पगार ३०, कार्यालय-विमा-ऑडिट-दुरुस्ती १४, लीडर प्रशिक्षण ८ आणि राज्य शाखांच्या भेटी व बैठका ४.

म्हणजे दरवर्षी सहा लाखांच्या आसपास तूट होती. ती कुणालाच दिसत नव्हती.

तूट का दिसली नाही

संस्थेचे हिशेब रोख पद्धतीने लिहिले जात होते. पैसे आले त्या दिवशी ते उत्पन्न धरायचे. हिमालय शिबिरांची नोंदणी डिसेंबरात सुरू होई आणि मार्चअखेर बहुतेक शुल्क जमा झालेलं असे. त्यामुळे ३१ मार्चला बँकेत नेहमीच भरपूर पैसे दिसत. पण ते पैसे मेमध्ये मुलांना डोंगरात न्यायचे होते. मूल बेस कँपवर हजर होईपर्यंत त्या शुल्काचा प्रत्येक रुपया हे संस्थेचं देणं असतं.

महासाथीनंतर जागा भराभर वाढत गेल्या : २०२२ मध्ये ६००, पुढे ८००, १,०५० आणि २०२५ साठी १,२००. ३१ मार्चची आगाऊ जमाही ₹३८ लाख, ₹५५ लाख, ₹७६ लाख, ₹९२ लाख अशी चढत गेली. या वाढीतून आधीच्या वर्षाची तूट परस्पर भरली जात होती. जोवर पुढचा हंगाम मागच्यापेक्षा मोठा, तोवर कुठेही चणचण जाणवत नाही. वाढ थांबली तरी दुखणं बाहेर येणारच होतं. इथे हंगामच मोडला.

३१ मार्च २०२५ ला शुल्काचे ₹९२ लाख आलेले होते. त्यातले ६ लाख तंबूदुरुस्ती आणि रेशनच्या आगाऊ रकमांत गेले होते. बँकेत ₹८६ लाख असायला हवे होते, प्रत्यक्षात होते ₹६३ लाख. मागच्या चार वर्षांच्या तुटीचे ₹२३ लाख मुलांच्या शुल्कातून खर्च होऊन गेले होते. यात अफरातफर नव्हती. प्रत्येक रुपयाची पावती होती आणि ऑडिटही वेळेवर झालेलं होतं.

एक गोष्ट मात्र नीट होती. सीएसआरचे शिल्लक ₹९ लाख वेगळ्या बँक खात्यात होते.

समस्या : एप्रिल-मे २०२५

२२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनमध्ये दहशतवादी हल्ला झाला. संस्थेच्या १,२०० पैकी ५०० जागा काश्मीरमधल्या शिबिरासाठी होत्या आणि पहिली बॅच १० मेला पोहोचायची होती. कार्यकारिणीने लगेच निर्णय घेतला नाही. "सरकार काय म्हणतं ते पाहू" या मुद्द्यावर आठवडा गेला. २९ एप्रिलला जम्मू-काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळं बंद झाल्यावर शिबिर रद्द केलं. तयारीवर गेलेले ₹७ लाख बुडाले. त्यातले तीन लाख या आठवड्यातच, तंबूंच्या वाहतुकीसाठी आणि रेशनसाठी दिले गेले होते.

कुलू खोऱ्यातलं ७०० जागांचं शिबिर १ मेला सुरू झालं होतं. एक दिवसाआड ५० मुलांची एक बॅच असा क्रम होता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा तीन बॅच डोंगरात होत्या आणि चौथी बेस कँपवर हजर होत होती. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले, त्यात कुलूजवळचा भुंतर आणि चंडीगडही होते. पंजाब-चंडीगड पट्ट्यात रात्री दिवे बंद ठेवण्याचे आदेश निघाले. नेमका तोच मुलांचा परतीचा मार्ग.

फील्ड डायरेक्टरने इथे घेतलेला निर्णय या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय आहे. वरच्या कँपांवरच्या मुलांना ठरलेल्या क्रमानेच खाली आणलं, घाईने उतरवलं नाही. ८ मेला घरी निघणारी पहिली बॅच बेस कँपवर थांबवली. ९ आणि ११ मेच्या बॅच पुढे ढकलल्या. रोज सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात वाजता पालकांना एकाच क्रमांकावरून निरोप जाई : मुलं कुठे आहेत, पुढचे चोवीस तास काय ठरलं आहे. १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. ११ मेला पहिली बॅच दिवसाच्या प्रवासाने निघाली. तीन दिवसांच्या वाढीव मुक्कामाला सुमारे ₹७० हजार लागले. संस्थेने ते पालकांकडून घेतले नाहीत.

मुलं सुखरूप परतली. पैशाचा पेच त्यानंतर उभा राहिला.

काश्मीरच्या ५०० मुलांचे ₹४२ लाख जमा होते. कुलू शिबिर १३ मेला पुन्हा सुरू झालं, पण २८० मुलांनी नाव काढून घेतलं. त्यांचे ₹२३ लाख. परताव्याची एकूण मागणी ₹६५ लाख झाली. उरलेल्या ४२० मुलांचं शिबिर पूर्ण करायला आणखी साडेबारा लाख, मुख्यालयाचे मे-जूनचे नऊ लाख. जूनअखेरपर्यंतची गरज ₹८६.५ लाख. बँकेत होते ₹३७ लाख आणि थकीत शुल्काचे पाच लाख यायचे होते. तुटवडा ₹४४.५ लाख.

विम्यातून काही मिळणार नव्हतं. संस्थेची पॉलिसी सामूहिक वैयक्तिक अपघाताची होती. शिबिर रद्द झाल्याचं नुकसान तिच्यात येत नाही. रद्दीकरणाचा वेगळा विमा घेतला तरी युद्ध आणि दहशतवाद सहसा त्यातून वगळलेले असतात.

विचारात घेतलेले पर्याय

अर्जावरच्या अटीवर बोट ठेवणं. अट अशी होती : पंधरा दिवस आधी रद्द केल्यास निम्मं शुल्क परत, नंतर काहीच नाही. संस्थेनेच शिबिर रद्द केलं तर काय, याबद्दल अर्जात शब्दही नव्हता. काश्मीरच्या बाबतीत ही अट लावणं ग्राहक संरक्षण कायद्यापुढे टिकलं नसतं आणि ज्या पालकांच्या भरवशावर संस्था उभी आहे त्यांच्यापुढे तर मुळीच नाही. कुलूचं प्रकरण वेगळं होतं. तिथे शिबिर चालू होतं आणि मुलांनी स्वतःहून माघार घेतली होती. दोन्ही गटांना एकच नियम लावण्याचा प्रस्ताव बराच वेळ चर्चेत राहिला, ते बरं झालं नाही.

कर्ज. दोन विश्वस्तांनी प्रत्येकी दहा लाख बिनव्याजी द्यायची तयारी दाखवली. बँकही मुदतठेवींवर ओव्हरड्राफ्ट द्यायला तयार होती. पण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ए नुसार न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गहाण ठेवून घेतलेलं असो वा नुसतं हातउसनं, दोन्हीला. मुदतठेवीवरचा ओव्हरड्राफ्टही त्यात येतो. अनेक संस्थांत हे माहीतच नसतं आणि विश्वस्तांचे हातउसने पैसे ताळेबंदात दिसले की पुढे उत्तरं द्यावी लागतात. जूनच्या आत परवानगी मिळण्याची शक्यता नव्हती, म्हणून हा पर्याय सुटला.

शिबिरभूमी भाड्याने देणं. एका रिसॉर्ट व्यावसायिकाने २९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी विचारणा केली होती. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिनशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची तर कलम ३६ खाली परवानगी लागते. पण खरा आक्षेप कायद्याचा नव्हता. लीडर प्रशिक्षण आणि सीएसआर शिबिरं दोन्ही याच जागेवर होतात. ब्रिटनमध्ये गर्लगायडिंग या मुलींच्या संस्थेने २०२३ मध्ये आपली पाचही साहसकेंद्रं विकायला काढली, तेव्हा त्या जागांच्या दुरुस्तीचा न पेलणारा भार हे मोठं कारण होतं. इथे जागेचा खर्च नगण्य होता. दोन महिन्यांच्या रोखीच्या चणचणीसाठी तीस वर्षं जागा अडकवण्यात काहीच शहाणपण नव्हतं.

सीएसआर खात्यातून तात्पुरते पैसे वळवणं. "ऑक्टोबरात परत टाकू" असा आग्रह एका शाखाप्रमुखाने धरला. खजिनदारांनी तो ऐकला नाही. ते पैसे ठरलेल्या प्रकल्पाचे आहेत आणि वापराचं प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने कंपनीला द्यावं लागतं.

लीडर प्रशिक्षण वर्षभर थांबवणं. आठ लाख वाचले असते. पण लीडरांची प्रथमोपचार प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षांत संपतात. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणीसाठीही प्रशिक्षित माणसं लागतात. ज्या वर्षी प्रशिक्षण थांबतं त्याच्या दुसऱ्या वर्षी लीडर कमी पडतात आणि मग पन्नास मुलांमागे चारऐवजी तीन लीडर पाठवण्याचा मोह होतो. अपघाताची सुरुवात तिथूनच होते. हा पर्याय फेटाळला गेला तो एकमताने.

मुदतठेवी मोडणं. संस्थेच्या ठेवी ₹८५ लाखांच्या होत्या. सगळे त्यांना कॉर्पस म्हणत आणि कॉर्पसला हात लावायचा नाही असा दंडक होता. सनदी लेखापालांनी प्रत्येक ठेवीमागची कागदपत्रं काढली तेव्हा तीन गठ्ठे झाले. ₹५० लाखांमागे देणगीदारांची "कायम निधीसाठी" अशी पत्रं होती. तो खरा कॉर्पस. त्यातून खर्च केला तर १९६१ च्या आयकर कायद्याखाली तो धर्मादाय खर्च म्हणून मोजला जात नव्हता. पाच वर्षांच्या आत पैसे परत भरले तरच मोजला जाई. ₹१२ लाख आयकर खात्याचा फॉर्म १० भरून, म्हणजे ठरावीक कामासाठी राखून ठेवत असल्याचं कळवून, तंबू आणि साहित्यासाठी साठवलेले होते, ते दुसरीकडे वळवता येत नव्हते. उरलेले ₹२३ लाख ही निव्वळ जुन्या वर्षांची शिल्लक होती. ती ठेवीत ठेवण्याचा ठराव विश्वस्तांचाच होता आणि तो विश्वस्तच बदलू शकत होते.

केलेली कार्यवाही

*परतावा.* २० मेपर्यंत सर्व पालकांना पत्र गेलं. काश्मीर गटाला दोन पर्याय दिले : पूर्ण रक्कम परत, किंवा २०२६ मध्ये त्याच शुल्कात पक्की जागा. कुलू गटाला तसेच दोन, पण रोख परताव्यातून माणशी ₹२,४०० वजा. रेशन, खेचरं आणि तंबू यांवर आधीच झालेला आणि परत न मिळणारा हा खर्च होता. पत्रासोबत त्याचा तपशील जोडला होता. तपशील जोडल्यामुळे वाद बरेच कमी झाले. कपात का, असं विचारणाऱ्या बहुतेक पालकांचं तो कागद पाहून समाधान झालं.

काश्मीर गटातल्या १७५ मुलांनी पुढची जागा निवडली, ३२५ जणांना ₹२७.३ लाख परत गेले. कुलू गटात ११० जणांनी जागा ठेवली, १७० जणांना सुमारे ₹९.९ लाख गेले. एकूण रोख परतावा ₹३७.२ लाख. गरज ₹५८.७ लाखांवर आली, हातात ₹४२ लाख होते. मोकळ्या ठेवींमधले ₹२० लाख ठराव करून मोडले. जूनअखेर खात्यात सव्वातीन लाख उरले आणि पगार एक दिवसही लांबला नाही.

*उरलेलं शिबिर.* कुलूच्या ४२० पैकी आधीच्या चार बॅचमधली २०० सोडून उरलेल्या २२० मुलांच्या विखुरलेल्या बॅच एकत्र करून ४४ जणांच्या पाच केल्या. अर्ध्या रिकाम्या बॅचला खेचरवाले आणि स्वयंपाकी तेवढेच लागतात, त्यामुळे जोडणी केली नसती तर माणशी खर्च बराच वर गेला असता.

*खर्चाचं खरं माप.* जूनमध्ये पहिल्यांदाच शिबिर-दिवसाचा हिशेब मांडला. एक मूल, एक दिवस म्हणजे एक शिबिर-दिवस. हिमालयाचे ९,६००, सह्याद्रीचे ४,०००, सीएसआरचे ३,०००, एकूण १६,६००. मुख्यालयाचे ₹५६ लाख त्यांत वाटले तर दिवसाला ₹३३७ येतात. म्हणजे हिमालय शिबिराची खरी किंमत ₹११,०५० च्या आसपास होती आणि शुल्क ₹९,५००. फरक भरत होते वर्गणी, देणग्या आणि व्याज. याचा सरळ अर्थ असा की लोकांनी गरजू मुलांसाठी दिलेल्या देणगीचा मोठा वाटा शहरातल्या खर्च परवडणाऱ्या घरांतल्या मुलांची हिमालयवारी स्वस्त करत होता. बैठकीत हा आकडा फळ्यावर आल्यावर चर्चेचा सूर बदलला. २०२६ चं शुल्क ₹११,००० ठरलं आणि १२ टक्के जागा निम्म्या शुल्कात ठेवल्या. शुल्कातले किती रुपये कशाला, हे अर्जावर छापलं.

शिबिरनिहाय खर्चपत्रकाचा आणखी एक उपयोग आहे. १९ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक हिताच्या कामासाठी खर्चाइतकं किंवा त्याहून किंचित जास्त शुल्क घेणं हा व्यापार नव्हे. शुल्क खर्चापेक्षा बरंच जास्त असेल तर मात्र अशी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते. शुल्क वाढवणाऱ्या संस्थेकडे हे पत्रक नसेल तर आपली वाढ खर्चाइतकीच आहे हे ती दाखवणार कशी?

*सीएसआरची फेरमांडणी.* "प्रशासनाला पाच टक्केच मिळतात" या समजुतीवर संस्था वर्षानुवर्षं दोन लाखांवर भागवत होती. सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं आणि त्यावर देखरेख ठेवणं यांचा खर्च त्यात येत नाही. म्हणून पुढच्या प्रस्तावात कार्यक्रम अधिकाऱ्याचा निम्मा पगार, त्या शिबिरांच्या लीडरांचं प्रशिक्षण, विमा आणि मूल्यमापन या वेगळ्या ओळी म्हणून मांडल्या. पाच लाख वाढवून मागितले, चार मिळाले. कॉर्पससाठी सीएसआरचे पैसे मागायचे नाहीत हेही लिहून ठेवलं, कारण जानेवारी २०२१ पासून अशी देणगी सीएसआर खर्चात धरली जात नाही.

*जुन्या शिबिरार्थींना आवाहन.* आधी पत्राचा मसुदा देणगीदाराला आयकरात मिळणाऱ्या ८०जी च्या सवलतीवर बेतलेला होता. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ती सवलत मिळतच नाही. म्हणून मसुदा बदलून महिन्याला ₹५०० आणि त्यातून नेमकं काय होतं एवढंच लिहिलं. यूपीआय ऑटोपेवर १९० जण आले, सहा महिन्यांनी १४० टिकले. म्हणजे महिन्याला ₹७०,०००. प्रत्येकाचा पॅन सुरुवातीलाच घेतला, नाहीतर मेअखेरीस फॉर्म १०बीडी, म्हणजे देणग्यांचं आयकर विवरण, भरताना धावपळ झाली असती.

अमेरिकेतल्या मराठी शिबिरार्थींनी एकत्र मिळून सहा लाख देऊ केले. संस्थेकडे परदेशी देणगी स्वीकारण्याची, म्हणजे एफसीआरए नोंदणी नव्हती. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे ठरतात. संस्थेने प्रत्येकाकडून पासपोर्टची प्रत मागितली आणि सहापैकी साडेतीन लाख नाकारले. पैशाची निकड असताना हे करायला धीर लागतो.

*शाखांचे पैसे.* अकरा शाखांच्या खात्यांत मिळून ₹३१ लाख पडून होते. सगळी खाती एकाच पॅनवर आहेत, म्हणजे कायद्याने पैसा एकाच न्यासाचा. तो मुख्यालयात ओढून घेण्याचा प्रस्ताव आला होता. कार्यवाहांनी विरोध केला : शाखेने वडापावच्या स्टॉलपासून जमवलेला पैसा एका ठरावाने नेला तर पुढच्या वर्षी शाखा पैसे जमवणार नाही, आणि लीडरही शाखेतूनच येतात. शेवटी खात्यांना हात लावला नाही. प्रत्येक खात्याला दोन सह्या, दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत विवरण, आणि शाखेच्या प्रत्येक शिबिर-दिवसामागे ₹२० मुख्यालयाला, असं ठरलं.

*शुल्काचं वेगळं खातं.* शिबिरार्थींचं शुल्क आता स्वतंत्र खात्यात येतं. बॅच सुरू होण्याआधी त्यातले जास्तीत जास्त ४० टक्के तयारीसाठी काढता येतात. उरलेले बॅच हजर झाल्याच्या दिवशी मुख्य खात्यात येतात. हप्तेही बदलले. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे. त्यामुळे पालक तिकीट काढेपर्यंत पूर्ण शुल्क अडकवून ठेवायला तयार नसतात. आता नोंदणीला ₹२,००० आणि उरलेले साठ दिवस आधी.

परिणाम

डिसेंबर २०२५ पर्यंतची स्थिती अशी. सगळे रोख परतावे जूनअखेर पूर्ण झाले. जागा पुढे नेलेल्या २८५ पैकी ४१ जणांनी नंतर पैसे परत मागितले, तेही दिले. उरलेल्या २४४ मुलांना २०२६ मध्ये नवं शुल्क न घेता न्यायचं आहे. जुन्या दराने धरलं तरी त्यांचा थेट खर्च वीस लाखांवर जातो. त्यातले ₹१५ लाख वेगळ्या खात्यात बाजूला काढले आहेत. २०२६ च्या जागा १,२०० वरून ९०० वर आणल्या. कार्यालयातली एक रिकामी झालेली जागा भरली नाही. मोडलेल्या ठेवींमुळे वर्षाचं सुमारे दीड लाख व्याज बुडालं. नऊ शाखा मासिक विवरण देतात, दोन देत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

काश्मीरचा निर्णय २३ एप्रिललाच अर्धा घेता आला असता : शिबिर रद्द नाही, पण नवा खर्च बंद. तीन लाख वाचले असते. रद्द करणं आणि खर्च गोठवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसरा घ्यायला कार्यकारिणीच्या बैठकीची गरज नसावी, तो अधिकार फील्ड डायरेक्टर आणि खजिनदार या दोघांना आधीच दिलेला हवा.

पुढच्या वर्षीची जागा देणं हा सोपा मार्ग वाटला, पण ते शिबिरार्थींकडून घेतलेलं बिनव्याजी कर्जच आहे. ज्या खोड्यात संस्था अडकली होती तोच ती वर्षभर पुढे ढकलू शकली असती. पत्र पाठवतानाच त्या जागांसाठी पैसे कुठून येणार याचा ठराव व्हायला हवा होता. तो सप्टेंबरात झाला.

ठेवींची वर्गवारी संकटात करण्याची गोष्ट नव्हे. दर वर्षी ऑडिटच्या वेळी तीन रकाने पुरतात : देणगीदाराच्या पत्राचा कॉर्पस, फॉर्म १० ची साठवण, मोकळी शिल्लक. तसंच ३१ मार्चच्या बँक शिल्लकीखाली "पैकी शिबिर न झालेलं शुल्क" ही एक ओळ लिहिली असती तर २०२२ मध्येच तूट दिसली असती. रोख पद्धत सोडायचीही गरज नव्हती.

जीएसटीचा प्रश्न या सगळ्यात मागे पडला. धर्मादाय संस्थांनी दिलेल्या क्रीडा प्रशिक्षणाला सूट आहे. आठ दिवसांचं मुक्कामी पदभ्रमण त्यात बसतं का, यावर लेखी मत शुल्क ठरवण्याआधी घ्यायला हवं होतं. ते आता घेतलं जात आहे आणि उत्तर प्रतिकूल आलं तर ₹११,००० चा आकडा पुन्हा मांडावा लागेल.

राहिला शाखांच्या ₹२० चा मुद्दा. विवरण न देणाऱ्या दोन्ही शाखा सर्वात जास्त लीडर तयार करतात. त्यांचं म्हणणं असं की आम्ही माणसं देतो, त्यांची किंमत तुमच्या पत्रकात कुठेच नाही. लीडरच्या दिवसाचं मूल्य धरून ते शाखेच्या देण्यातून वजा करण्याचा प्रस्ताव मार्चच्या बैठकीपुढे ठेवला आहे.